हशा जरा वर घे

५ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिला मामाचे आशीर्वाद, घ्यायचे असतील तर.

तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं, सराव शिबिरात सगळ्यांचेच काढून घेतले असतील. पण मामीच्या फोनवरून लागतो, फक्त माझ्यावरून लागत नाही, तेव्हा काय ते समजलो. मामी म्हणाली, "पत्र लिहा. पत्र अडवता येत नाही, फार तर फाडता येतं." म्हणून हे. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

सत्काराच्या दिवसाचं तुझ्या मनात काहीतरी बसलंय असं दिसतं. तर जे झालं ते सरळ लिहितो. कार्यक्रम आमच्या वाहिनीचा, आवाजाची बाजू माझ्याकडे. नाहीतरी चित्राकडे बघायला तिथं ढीगभर माणसं असतात, आवाजाला मी एकटा. उगाच नाही ऑफिसात मला 'कान' म्हणत. तुझ्या जॅकेटच्या कॉलरला माईक मीच लावला. तू म्हणालीस, "मामा, गुदगुल्या होतात." मी म्हटलं, "शर्यत जिंकायला लाजत नाहीस, माईकला काय लाजतेस." इथवर सगळं छान होतं, हे तूही कबूल करशील.

मग क्रीडामंत्री बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ती गंमत केली, तुझ्या रंगावरची. हॉल हसला. संध्याकाळी बातमी गेली, त्यात हॉल हसला आणि तूही हसलीस, आणि खाली पट्टी आली की मंत्र्यांच्या मिश्कीलपणानं सभागृह लोटपोट, धावपटूलाही हसू आवरेना. एवढंच. मी नेहमीसारखा आवाज स्वच्छ करून दिला. पंख्याची घरघर काढली, कोणाचं तरी खाकरणं काढलं. माझं काम तेवढंच असतं.

तुझं हे शिबिर, परदेशातली शर्यत, सगळं त्या माणसाच्या सहीवर अडलेलं आहे, हेही विसरू नकोस. मोठ्या माणसांच्या जिभेला हाड नसतं. आपण किती मनावर घ्यायचं?

मामी विचारते, जेवण तिथलं बरं आहे का. उत्तर तिला पाठव, मला नको पाठवूस हवं तर.

तुझा मामा


१४ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर नाही आलं. मामीलाही तू "जेवण बरं आहे" एवढंच कळवलंस. तीन शब्द, त्यातही मीठ नाही.

मागच्या पत्रात मंत्री काय म्हणाले ते लिहायचं मी टाळलं. टाकण्याआधी मामीनं पत्र वाचलं होतं. ती म्हणाली, "गंमत केली म्हणता, मग गंमत लिहिली का नाही? चांगली गंमत माणूस चारदा सांगतो." म्हणून आज लिहितो. ते म्हणाले, "ही आमची पोर रात्रीच्या शर्यतीत धावली तर दिसायची कशी? म्हणून सांगतो, धावताना हसत जा गं, दात दिसले की कळेल पुढे कोण आहे."

लिहिल्यावर मी ते परत वाचलं. कागदावर त्यात गंमत कुठंच नाही. ऐकताना होती, कारण हशा होता, आणि हशा वर घेतलेला होता. हे मागच्या वेळी लिहिलं नव्हतं. पंख्याची घरघर काढली हे खरं, पण हशाही वर घेतला. हॉलमध्ये पुढच्या दोन रांगा हसल्या होत्या, बाकीच्यांना बहुधा ऐकूच गेलं नव्हतं. बातमीत अख्खा हॉल हसला. आमची वृत्तप्रमुख मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हशा जरा वर घे." मी घेतला. तिला आम्ही पाठीमागे इस्त्री म्हणतो. ती ओरडत नाही, फक्त तापते, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या बातमीला सुरकुती राहत नाही.

आता या आठवड्यात काय झालं ते तिकडे कळलं असेलच. विरोधी पक्षाच्या बाई बंदरावरच्या सभेत बोलल्या. तिथं तुझ्या बाबांच्या बेटावरून आलेल्या मजुरांनी भर दुपारचं काम बंद ठेवलंय, सावली मागतायत. तर बाई म्हणाल्या, "यांना उन्हाची कसली भीती? यांना देवानं आधीच भाजून पाठवलंय." लोक हसले. मंत्र्यांच्या वेळेपेक्षा जास्तच हसले, खरंखुरं, मागच्या रांगेपर्यंत. ध्वनिमुद्रण माझ्या टेबलावर आलं आणि इस्त्री मागे येऊन उभी राहिली.

"हशा खाली घे," ती म्हणाली. "अगदी खाली. वाक्य एकटं ऐकू येऊ दे."

मी म्हटलं, "परवा वर, आज खाली?"

"परवा ती गंमत होती."

"आणि आज?"

"आज ती मानसिकता आहे."

हे ती मला बनवायला म्हणाली नाही, भिंगरी. तिला तसं खरंच वाटतं. मंत्र्यांना ती वर्षानुवर्षं ओळखते, त्यांच्या मुलाच्या लग्नात जेवून आलीय. ओळखीच्या माणसाची जीभ घसरते आणि परका माणूस गरळ ओकतो, हे तिला शिकवावं लागलेलं नाही. मी हशा खाली घेतला. बाईंचं वाक्य भांडं पडावं तसं एकटं पडलं. दिवसभर ते वाजत राहिलं, दर बातमीत, चार चौकटींतली चार माणसं त्यावर भांडत राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी माफी मागितली, तिसऱ्या दिवशी पद गेलं.

समोरच्या वाहिनीवर हेच सगळं उलटं. तिथं मंत्र्यांनी गरळ ओकली आणि बाईंची जीभ घसरली. तिथंही माझ्यासारखा कोणीतरी खुर्चीत बसलेला असणारच. कधी भेटला तर दोघं चहा पिऊ.

हे सगळं लांबण लावून लिहितोय, कारण मूळ गोष्टीपाशी यायला पाय उचलत नाही. काल तुझ्या प्रशिक्षकांचा मामीला फोन आला. तुझ्या खोलीच्या दारावर कोणीतरी रोज खडूनं एकच शब्द लिहून जातं म्हणे, "हस". बेटावरच्या पोरी तुझ्याबरोबर जेवायला बसत नाहीत. त्यांच्या संघटनेनं तुला बोलावून विचारलं, तू सांगितलंस की मी हसलेच नव्हते, आणि त्यांनी तुझ्यासमोर आमची बातमी लावली. तीत तू हसतेस. आता तू त्यांच्या लेखी मंत्र्याची हसरी बाहुली, वर खोटारडी. आणि तू प्रशिक्षकांना सांगितलंयस की निवड चाचणीत उतरणार नाही.

असं करू नकोस गं. त्याआधी मला थोडा वेळ दे.

मामा


२० फेब्रुवारी

भिंगरी,

तू हसली नव्हतीस.

हे लिहायला मी सकाळपासून बसलोय आणि आता दुपार कलली. मामी दोनदा येऊन बघून गेली.

तू हसलीस ते आधी, गुच्छ देताना, गुच्छाची फीत मंत्र्यांच्या घड्याळात अडकली तेव्हा. ते हात सोडवायला बघत होते आणि तू गुच्छ सोडत नव्हतीस, आणि दोघं लहान पोरांसारखी ओढाओढ करत होतात. तेव्हा तू हसलीस, तुझं ते नेहमीचं, खळखळून सुरू होऊन शेवटी श्वास आत ओढणारं. ते हसू मी तिथून उचललं आणि गमतीच्या मागे नेऊन बसवलं. चित्रात तुझं तोंड गुच्छाआड होतं, त्यामुळं ओठ जुळवायचा प्रश्नच आला नाही. अर्ध्या कप चहात होणारं काम. हातानं केलं, डोक्याला विचारलंच नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. डोक्याला विचारलं होतं, आणि डोक्यानं हो म्हटलं होतं.

इस्त्री म्हणाली होती, "मुलगी गप्प आहे, विचित्र वाटतं. तिचं हसू कुठं असेल ना?" तिला तू माझी भाची हे ठाऊक होतं. बहुधा म्हणूनच तिनं ते मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. आणि मी काय विचार केला ते ऐक. मी विचार केला, पोरगी गप्प दिसली तर बोभाटा होईल. समोरची वाहिनी तुला धरून बसेल, मंत्री चिडेल, शिबिराची सही राहील. हसताना दिसली तर प्रकरण तिथंच मिटेल. तुझं भलं केलं असं मला वाटलं. घरी येताना मी बसमध्ये शीळ घालत होतो.

ताई गेली आणि तुझे बाबा परत जहाजावर गेले, त्यांची पत्रं येता येता थांबली, तेव्हा तू आठ वर्षांची. आमच्या घरात येताना तू चपला हातात घेऊन आलीस, आवाज होऊ नये म्हणून. मामी म्हणाली होती, "या घरात पाय वाजव बाई, नाहीतर तुझ्या मामाला काम उरायचं नाही." त्यानंतर तू जी धावत सुटलीस ती आजतागायत. पायाला भिंगरी, म्हणून भिंगरी. रंग बाबांचा, चाल ताईची, आणि हसणं कुणाचं ते आम्हाला कधीच कळलं नाही, आमच्यात असं कोणीच हसत नाही.

तेच आता घरात फिरतंय. हे कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. ते बसवताना मी किती वेळा ऐकलं असेन देव जाणे, आणि आता ते माझ्या मागे लागलंय. न्हाणीघरातला नळ बंद करताना शेवटी येतं. लिफ्टचं दार लागताना येतं. तुझ्या खोलीपाशी तर थांबायची सोय नाही. पूर्ण कधीच येत नाही, मी कापला तेवढाच तुकडा, त्याच श्वासावर संपतो आणि पुढचा श्वास येत नाही. मी वाट बघत उभा राहतो. जिवंत माणसाचं भूत होत नाही म्हणतात. होतं.

काल मामीनं मला तुझ्या दारापाशी पाहिलं. म्हणाली, "आत जा किंवा बाजूला व्हा, मला केर काढायचाय."

मूळ ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. काय करायचं ते ठरवतोय.

मामा


२ मार्च

भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. मामीच्या फोनवर आला, तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. "मामाला सांग, त्या हसण्याच्या खाली काय होतं ते त्याला ठाऊक आहे."

मामीनं विचारलं, "काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. खोकली असेल."

मामी माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला माझं खोटं कानानं नाही, नाकानं कळतं. ती म्हणाली, "खोकल्यासाठी पोरगी महिनाभर अबोला धरत नाही." मग ती पोळ्या लाटायला गेली आणि लाटणं जरा जास्तच वाजलं.

त्याबद्दल लिहितो. आज नाही.

बाहेर काय चाललंय ते आधी सांगतो. परवा बाईंच्या पक्षाचा प्रवक्ता घरी आला. चकचकीत बूट, गोड बोलणं. त्याला कुणकुण लागलीय की मंत्र्यांच्या बातमीतलं तुझं हसू नंतर बसवलेलं आहे. म्हणाला, "काका, आम्हाला फक्त न्याय सारखा हवा. आमच्या बाईंना सुळावर चढवलं आणि मंत्री मिश्कील? हा दुजाभाव तुम्ही उघड करा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी म्हटलं, "देतो. दोन्ही मुद्रणं मूळ, जशीच्या तशी देतो. शेजारी शेजारी लावा. दोघं काय बोलले, लोक कधी हसले, सगळं."

तो म्हणाला, "बाईंचं कशाला?"

"न्याय सारखा हवा म्हणालात ना?"

"बाईंच्या वेळी लोक हसले होते, तो हशा तुम्ही काढलात. तो परत घाला. मग लोकांना कळेल की तीही गंमतच होती."

म्हणजे बघ, त्याला माझी लबाडी मोडून काढायची नव्हती, त्याला तिच्यात वाटा हवा होता. तो पुढे म्हणाला की तू कॅमेऱ्यासमोर येऊन सांगावंस की तुला किती वाईट वाटलं, आणि सांगताना जमलं तर रडावंस. मामी आतून आली, हात पिठाचे. म्हणाली, "एकांना ती हसायला हवी, तुम्हाला रडायला हवी. रडण्याची एवढी हौस असेल तर तुमच्या बाईंना सांगा, त्यांच्याकडे आता वेळ आहे." त्याचा चहा अर्धाच राहिला.

मग मी स्वतः समोरच्या वाहिनीत गेलो. त्यांना मंत्र्यांचं हवं, बाईंचं नको. एका वर्तमानपत्रात गेलो, तिथं बाईंचं चालेल, मंत्र्यांचं नको, मालकांचं क्रीडासंकुल होतंय. एक ओळखीचा बातमीदार निघाला, जुना, सरळ माणूस. तो म्हणाला, "कान, दोन्ही एकदम दिलंस तर कुणाच्या बाजूनं बातमी करायची?" मी म्हटलं, "ज्यांना म्हणाले त्यांच्या." तो हसला नाही, पण मला दारापर्यंत सोडायला आला.

बेटावरची माणसं या सगळ्यात कुठंच नव्हती. दोन्ही वाहिन्यांवर मिळून आठ चौकटी, आठ तोंडं, त्यात त्यांचं एकही नाही. आणि मलाही हे आत्ता दिसतंय, तुझ्या दारावर खडू उमटल्यावर. आधी माझी नजर आवाजाच्या पट्ट्यांवर होती.

इस्त्रीनं आज विचारलं, "ते मूळ अजून आहे का रे?" मी म्हटलं, "शोधतो." ती म्हणाली, "शोध आणि पुस."

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ते हसू ऐकू येतं ना, म्हणून. डॉक्टर म्हणाला, कान तिशीतल्या माणसासारखे आहेत. जे वाजतं ते सगळं ऐकू येतं. न वाजलेलं ऐकू येतं त्याला माझ्याकडे औषध नाही. फी मात्र घेतली.

मामा


९ मार्च

भिंगरी,

आधी कामाचं. तुझ्या दारावरचं पुसायला संघटनेची माणसं येतील, एव्हाना आलीही असतील. तू खोटं बोलली नव्हतीस हे त्यांनी आपल्या कानांनी ऐकलंय. त्यांच्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, त्यांच्या वतीनं मी काही मागत नाही. निवड चाचणीला अजून दिवस आहेत. प्रशिक्षकांनी तुझं नाव काढलेलं नाही, मामीनं विचारून घेतलंय.

आता जे राहिलं ते.

बेटावरच्यांच्या संघटनेची जागा तू पाहिलेली आहेस. बंदरामागे, दोरखंडाच्या दुकानावर, लाकडी जिना, वर लांबच लांब बाकं. त्यांची सचिव क्रेन चालवते, खांदे बघूनच कळतं. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या वाहिनीचं माणूस इथं आलं की नंतर आमचं काहीतरी कापलेलं असतं." मी म्हटलं, "कापणारा मीच आहे." ती म्हणाली, "रविवारी या."

इस्त्रीला सांगून गेलो. चोरून जायचं नव्हतं. ती म्हणाली, "जा. पण मग परत येऊ नकोस." आवाज चढला नाही, तापली मात्र. इतकी वर्षं त्या खोलीत काढली, निघताना फक्त माझे कानावरचे हेडफोन उचलले, ते तसेही माझेच होते. मामी म्हणाली, मीही येते. नको म्हटलं तर चप्पल घालूनच उभी राहिली.

खिशात मंत्र्यांच्या मुद्रणाचे दोन तुकडे होते, दोन वेगळ्या चिपांवर. हे नीट ऐक. एक पूर्ण मूळ. आणि दुसरा मी सकाळी बनवलेला, मूळच, पण त्यातलं एक जरासं काढलेलं. त्या दुसऱ्यात तू गप्प आहेस. तेवढ्यानं तुझं काम झालंच असतं. तू हसली नाहीस हे त्यातूनही कळलं असतं, लोकांनी तुला परत जवळ घेतलं असतं, आणि मी बंदरावरून चांगला माणूस म्हणून उतरलो असतो. आयुष्यभर कापत आलो, आणखी एक कापलं तर कुणाला कळणार होतं? तुला कळलं असतं. पण तुला तर आधीपासूनच ठाऊक आहे, असं मी मनाला समजावलं.

आधी बाईंचं लावलं, हशासकट. लोक ऐकत होते. आपल्यावर कोण किती हसलं ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. एक माणूस उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मग मंत्र्यांचं लावायची वेळ आली. हात खिशात गेला आणि बोटांना दोन्ही लागले. मी मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर मामी बसली होती, मांडीवर पिशवी, सरळ माझ्याकडे बघत. तिला काहीच माहीत नव्हतं. खोकला ऐकायला आली होती.

मी पूर्ण लावलं.

विसाव्या तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं की इस्त्री म्हणाली, मुलगी गप्प आहे, विचित्र वाटतं. ती असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "मुलगी काहीतरी पुटपुटते. काय म्हणते?" मी म्हटलं, "कळत नाही." ती म्हणाली, "मग झाक ते." मला कळत होतं. झाकायला तिनं सांगितलं, पण कशानं झाकायचं ते मी शोधलं. तुझंच हसू तुझ्याच आवाजावर ठेवलं, बरोबर मापाचं निघालं.

आणि त्याच्याही आधीचं. ऑफिसात कळलं असं नाही, मला हॉलमध्येच कळलं होतं. तू व्यासपीठावर, मी भिंतीशी टेबलामागे, कानांवर हेडफोन. मंत्री बोलले, पुढच्या रांगा हसल्या, आणि तुझ्या कॉलरच्या माईकमधून ते थेट माझ्या कानात आलं. हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच ऐकू जाणं शक्य नव्हतं, फक्त मला. तू गुच्छाच्या कडेनं माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. आणि मग मी मान खाली घातली आणि तुझ्या माईकच्या आवाजाची पट्टी खाली ओढली, शून्यावर. याला मी इतके दिवस काम म्हणत आलोय.

बाकांसमोरच्या त्या लहानशा यंत्रातून मंत्री बोलले. पुढच्या दोन रांगा हसल्या, बेताच्याच. आणि त्या हसण्याखाली तू म्हणालीस, "मामा."

मोठ्यानं नाही. शाळा सुटल्यावर मला यायला उशीर झाला की फाटकाच्या गजातून हाक मारायचीस, तशी. रागही नव्हता तीत. आपलं माणूस इथंच आहे, आता येईल, अशी हाक होती.

मामीच्या हातातली पिशवी खाली पडली. तिनं ती उचलली नाही. घरी आल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, समोर ठेवते आणि तुझ्या खोलीत जाऊन बसते. तक्रार करत नाही, फक्त कळवतो.

पहिल्या बाकावर एक म्हातारी होती, बंदरावर आयुष्यभर पोती शिवलेली, कानानं थोडी कमी. तिनं परत लावायला सांगितलं. मी परत लावलं. ती हात कानामागे धरून ऐकत होती. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "मामाला हाक मारतेय पोर. होता का तो तिथं?"

शेजारणीला माहीत नव्हतं. सचिवेला माहीत होतं, फोनवर मी सांगितलं होतं. तिनं सांगितलं नाही. माझ्याकडे बघत थांबली. हळूहळू सगळेच बघायला लागले. म्हातारीनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, कमी ऐकणारी माणसं विचारतात तसं, "अहो, हिचा मामा होता का तिथं?"

मी यंत्र बंद केलं आणि उभा राहिलो.

"ओ," मी म्हटलं.